दहा जुने मित्र, एक टेबल, एकच ऑर्डर

शाळेतले किंवा कॉलेजातले दहा जण बऱ्याच वर्षांनी एकत्र जेवायला बसतात, तेव्हा जेवण बिघडतं ते बहुतेक वेळा किचनमध्ये नव्हे, टेबलावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. मेन्यूकार्ड हातोहात फिरतं, जो तो आपल्या आवडीचं एकेक सांगतो, कॅप्टन लिहून घेतो. मग अर्धा तास टेबल रिकामं राहतं आणि नंतर सगळं एकदम येऊन पडतं. तीन भाज्या एकाच चवीच्या निघतात, रोट्या कडक होतात, दोघं अर्धपोटी राहतात आणि दीड बिर्याणी उरते. हे टाळता येतं. ऑर्डर एकाच माणसाने द्यावी, टप्प्याटप्प्याने द्यावी आणि हॉटेलचं किचन कसं चालतं ते डोक्यात ठेवून द्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीच्या नऊ जणांनी गप्पा माराव्यात. त्यासाठीच तर सगळे आलेले असतात.

मी बोलतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या फॅमिली रेस्टॉरंटबद्दल. तंदूर, पंजाबी भाज्या, थोडं चायनीज, बिर्याणी आणि शेवटच्या पानावर आइस्क्रीम. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, संभाजीनगरात, कुठेही गेलात तरी कार्ड साधारण तेच. पंचवीस-तीस वर्षांनी भेटणारी टोळी बहुतेक वेळा अशाच ठिकाणी बसते, कारण तिथे सगळ्यांना काही ना काही मिळतं.

तुम्ही सांगितलेला प्रत्येक पदार्थ केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या चिठ्ठीवर चढतो आणि तिथून वेगवेगळ्या शेगड्यांकडे जातो. तंदूर वेगळा, ग्रेव्हीवाला वेगळा, चायनीजवाला वेगळा, पापड-सॅलड-रायतं देणारा वेगळा. हे चौघं एकमेकांची वाट बघत नाहीत. चायनीजच्या मोठ्या आचेवर चिकन चिली सात-आठ मिनिटांत होते. पंजाबी भाजी दहा-बारा मिनिटांत येते, कारण तिची ग्रेव्ही आधीच करून ठेवलेली असते. टिक्का मात्र कच्चा, मसाला लावून ठेवलेला असतो आणि गर्दीच्या वेळी तंदूरच्या सळईवर त्याचा नंबर लागून तो यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे सगळं एका दमात सांगितलं, की पनीर बटर मसाला टिक्क्याच्या आधी येतो. टिक्का खाऊन होईपर्यंत भाजीवर साय धरते, आणि ती पुन्हा गरम करून आणली की तेल सुटतं, चव जाते. वेटरची यात काही चूक नसते. त्याने चिठ्ठी दिली, किचनने काम केलं.

म्हणून कॅप्टनला बसल्या बसल्या सांगायचं वाक्य असं: ‘आता फक्त स्टार्टर लिहा. मेनकोर्स मी नंतर सांगतो, तोवर केओटी टाकू नका. आणि लास्ट ऑर्डर किती वाजता?’ शेवटचा प्रश्न विसरू नये. बऱ्याच ठिकाणी हॉटेल बंद व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी तंदूर थांबवतात, आणि मग गप्पांत रंगलेल्या टेबलाला तव्यावरची चपाती किंवा नुसता भात उरतो.

पण ऑर्डरच्या आधी दिवस ठरतो, आणि तिथेच अर्धं काम होतं. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे चिकन-मटण खाणाऱ्यांचे वार. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यातला एखादा तरी वार प्रत्येक टोळीत कुणी ना कुणी पाळतंच. दहा जणांना जमणारा वार म्हणून बुधवार किंवा शुक्रवार धरावा. त्याला दुसरंही कारण आहे. या वारांना चिकन-मटणाचा उठाव जास्त असतो, त्यामुळे फ्रीजमध्ये पडून राहिलेला माल ताटात येण्याची शक्यता कमी. रविवारी रात्री उठाव सगळ्यात जास्त, पण गर्दीही तेवढीच. किचन घाईत असतं आणि जेवण संपलं की टेबल सोडायचा दबाव येतो. श्रावण, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार कॅलेंडरवर बघून घ्यावेत. संकष्टीचा दिवस आलाच, तर त्या रात्रीचा चंद्रोदय बघून उपास सोडणाऱ्याचं ताट त्या वेळी येईल असं सांगून ठेवावं. बाकीचे टिक्के खात असताना त्याने ताटकळत बसणं बरं दिसत नाही.

वेळ साडेसातची ठेवावी. नऊला किचनवर सगळ्यात जास्त भार असतो. साडेसातला बसलात, तर तुमचे स्टार्टर गर्दीच्या आधी निघतात आणि मेनकोर्स थोडा गर्दीत सापडला तरी पोटात काही तरी गेलेलं असतं. टेबलाबद्दल मी जरा आग्रही आहे. दहा जणांना एका ओळीत जोडलेली टेबलं दिली, की दोन टोकांच्या माणसांचं रात्रभर बोलणंच होत नाही. फोनवर बुकिंग करताना गोल टेबल किंवा दोन-दोन टेबलं शेजारी जोडून केलेला चौकोन मागावा. स्पीकरखाली, किचनच्या दारात आणि एसीच्या थेट झोतात बसू नये. एसीच्या झोतात रोटी आणखी लवकर कडक होते.

आणि हॉटेल निवडताना ज्याचा खिसा सगळ्यात हलका, त्याच्या हिशेबाने निवडावं. जुन्या मित्रांत सगळ्यांची मिळकत सारखी नसते. एखादा नोकरी गेलेला असतो, एखाद्याच्या घरी दुखणं असतं. तो ग्रुपवर काही बोलत नाही, फक्त ‘या वेळी जमत नाही’ म्हणतो. माणशी सहाशे-सातशेत होणाऱ्या जेवणाला तो येतो, दोन हजारांच्या जेवणाला येत नाही. कुणाला सगळ्यांचं बिल द्यायचंच असेल, तर त्याने आधी येऊन कॅप्टनशी बोलून ठेवावं. टेबलावर कार्ड पुढे करण्याची ओढाताण होऊ देऊ नये.

आता ग्रेव्ही. हा भाग नीट समजला की अर्ध्याहून जास्त चुका टळतात. पंजाबी भाज्यांची पानंच्या पानं कार्डावर असली, तरी किचनमध्ये मुळात तीन पातेली असतात. पहिलं लाल, म्हणजे मखनी: टोमॅटो, आलं-लसूण, काजू, लोणी, कसुरी मेथी, थोडी साखर किंवा मध. दुसरं पांढरं: उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया, वर दूध, साय किंवा खवा. तिसरं तपकिरी किंवा पिवळं: परतलेला कांदा, आलं-लसूण, हळद, धणे-जिरे, कुठे टोमॅटो, कुठे दही. मोठ्या ठिकाणी यात फरक असतात, पण पाया हाच. पनीर बटर मसाला, व्हेज मखनवाला, बटर चिकन हे सगळे लाल पातेल्यातले. शाही पनीर, मलाई कोफ्ता, मेथी मटर मलाई, काजू करी पांढऱ्यातले. मटर पनीर, व्हेज हंडी, चिकन मसाला आणि आपल्याकडच्या कार्डावरची व्हेज कोल्हापुरी तपकिरीतले. कढाईला तपकिरी पातेल्यावर भरडलेले धणे आणि सुकी मिरची, वर सिमला मिरची, एवढाच फरक.

आता दहा जणांच्या टेबलावर एकाने बटर चिकन, दुसऱ्याने पनीर बटर मसाला आणि तिसऱ्याने व्हेज मखनवाला मागवला, की तिघांनी एकच चव तीनदा मागवली. ‘इथलं सगळं सारखंच लागतं’ ही तक्रार बहुतेक वेळा अशी जन्माला येते. प्रत्येक पातेल्यातला एकच पदार्थ घ्यावा. लाल एक, पांढरा एक, तपकिरी एक. त्याच्या जोडीला ग्रेव्हीत न बसणारी एखादी सुकी भाजी, म्हणजे जिरा आलू, भेंडी मसाला किंवा बैंगन भरता, आणि एक डाळ. पालक पनीर हे चौथं पातेलं मानायला हरकत नाही, पण पालकाची प्युरी सकाळची असेल तर रंग शेवाळी-काळपट होतो. शेजारच्या टेबलावर कसा आलाय ते बघून मग मागवावा.

आधी करून ठेवलेली ग्रेव्ही म्हणजे फसवणूक, असं मला वाटत नाही. कांदा नीट परतायलाच पाऊण तास लागतो, तो प्रत्येक ऑर्डरला कोण परतणार? चांगल्या ठिकाणी ग्रेव्ही रोजची असते आणि भाजी बनवताना तिला पुन्हा तेला-तुपावर फोडणी देऊन, मसाला घालून खरपूस परततात. वाईट ठिकाणी ती नुसती पातळ करून वर पनीर सोडतात. ओळखायचं कसं? पनीर कापून बघा. आतून अगदीच फिकं, बेचव आणि बाहेर मसाला, म्हणजे ते बहुधा शेवटच्या मिनिटाला पडलंय. पांढरी ग्रेव्ही जराशी आंबट लागली तर ती परत पाठवायला संकोचू नये, कारण काजू-दुधाची ग्रेव्ही उन्हाळ्यात लवकर नासते. आणि लाल ग्रेव्ही सांगताना ‘गोड नको’ हे दोन शब्द जोडावेत. टोमॅटोचा आंबटपणा मारायला साखर घालतात, आणि घाईत हात सैल पडला की बटर चिकनचं गोडं होतं.

जाता जाता एक. आपण ज्याला सरसकट पंजाबी म्हणतो त्या कार्डाचा बराचसा भाग दिल्लीतून आलेला आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या मोती महल या हॉटेलने तंदुरी चिकन दिल्लीत लोकप्रिय केलं. बटर चिकन नेमकं कुणाचं, यावरून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावाही दाखल झाला. आणि व्हेज कोल्हापुरी ही कोल्हापूरची ओळख नव्हे. कोल्हापूरची ओळख तांबडा आणि पांढरा रस्सा, त्याबद्दल पुढे येईलच.

किती मागवायचं? दहा जणांत सहा मांसाहारी आणि चार शाकाहारी असं धरू. स्टार्टरच्या एका प्लेटमध्ये बहुतेक ठिकाणी सहा किंवा आठ तुकडे असतात. ‘किती पीस?’ हे विचारूनच घ्यावं. तंदुरी चिकन फुल म्हणजे साधारण आठ तुकडे, दोन टांगड्या, दोन मांड्या आणि छातीचे चार. सहा जणांना एक फुल आणि एक टिक्क्याची प्लेट पुरते. चौघांना एक पनीर टिक्का आणि एक काही कुरकुरीत, म्हणजे व्हेज क्रिस्पी किंवा हराभरा कबाब. एवढ्यावर थांबावं. भूक लागलेली असताना आणखी दोन प्लेट सांगायचा मोह होतो आणि मग मेनकोर्स कुणी खात नाही. सूप तर मी घेऊच नये म्हणेन, त्यातल्या कॉर्नफ्लोअरने पोट भरतं. मसाला पापड घ्यायचा तर चौघांत एक, आणि आल्याबरोबर मोडायचा. टोमॅटो-कांद्याच्या पाण्याने तो चार मिनिटांत मऊ पडतो.

ग्रेव्हीचा एक बोल अडीच माणसांना धरावा. दहा जणांना चार भाज्या आणि एक डाळ. डाळ मात्र दोन प्लेट, कारण ती रोटीबरोबरही जाते आणि भातावरही. हा हिशेब शाकाहारी-मांसाहारी असा विभागून नीट बसतो: दोन चिकनच्या, एक पनीरची, एक सुकी. चिकनच्या दोघांतली एक लाल, एक तपकिरी; पनीरची पांढरी. बिर्याणी दोन, एक चिकन, एक व्हेज, शिवाय एक जिरा राइस. एवढ्यावर कुणी उपाशी उठत नाही. कमी पडलंच तर डाळ खिचडी पंधरा मिनिटांत मिळते आणि ती उरली तरी वाईट वाटत नाही.

रोटीवर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त जेवणं तिथे बिघडतात. तंदूरच्या भिंतीला लागलेली रोटी दीड-दोन मिनिटांत भाजून निघते. एवढ्या तापात पिठातलं पाणी झपाट्याने उडतं. बाहेर आल्यावर तीन-चार मिनिटं ती मऊ असते, मग चामट होते आणि दहा मिनिटांत तोडायला दोन हात लागतात. त्यात वयाची पन्नाशी-साठी, कुणाला दाढेची कॅप, कुणाला कवळी. म्हणून दहा रोट्या एकदम कधीच सांगू नयेत. ‘पाच आणा, त्या टेबलावर आल्या की पुढच्या पाच टाका,’ असं सांगावं आणि आलेल्या पाच दहा जणांत अर्ध्या-अर्ध्या वाटाव्यात. माणशी दोन-अडीच रोट्या धरल्या तर चार-पाच फेऱ्या होतात. वेटरला थोडा त्रास होतो, त्याची भरपाई टीपमध्ये करावी. साध्या रोटीपेक्षा बटर रोटी जास्त वेळ मऊ राहते. नान मैद्याचा, त्यात दही किंवा दूध, त्यामुळे तो आणखी दहा मिनिटं तग धरतो. पण थंड झालेला नान जड पडतो आणि मधुमेह असलेल्यांना तो नकोच. कडक रोटी चालतच नसेल, तर तव्यावरची चपाती किंवा फुलका आहे का ते विचारावं. कार्डावर नसला तरी बऱ्याच ठिकाणी स्टाफसाठी केलेला असतो. भाकरी मिळत असेल तर ती स्टार्टरबरोबरच सांगून ठेवावी. ती एकेक थापून होते, दहा भाकऱ्यांना अर्धा तास सहज लागतो.

बिर्याणीला एकच प्रश्न विचारायचा: ‘दमची आहे का, ऑर्डरवर करता?’ दमची म्हणजे हंडीत किंवा डेगेत मटण-चिकन आणि अर्धवट शिजलेला भात थरांनी लावून, झाकण कणकेने बंद करून शिजवलेली. कच्च्या मॅरिनेट केलेल्या मटणावर भात लावला तर ती हैदराबादी कच्ची, शिजवलेल्यावर लावला तर पक्की. ऑर्डरवरची म्हणजे मोकळा भात आणि चिकनची ग्रेव्ही कढईत एकत्र परतून दिलेली. चवीला ती वाईट असतेच असं नाही, पण तिला मसालेभाताच्या भावाने घ्यावं. दमच्या बिर्याणीत शितं वेगवेगळ्या रंगांची असतात, काही पांढरी, काही केशरी, काही मसाल्याने माखलेली. सगळा भात एकसारखा पिवळा दिसला तर समजून जावं. दमची डेग संध्याकाळी सात-आठला उघडते, साडेनऊनंतर तळाचा भाग उरतो आणि तो पुन्हा तापवला की भात तुटतो. त्यामुळे बिर्याणी शेवटी खायची असली तरी दोन प्लेट राखून ठेवायला आधीच सांगावं. वाढताना चमचा उभा तळापर्यंत घालावा. वरवर वाढलं, की पहिल्या दोघांना नुसता भात आणि शेवटच्याला नुसती हाडं मिळतात.

खाण्यापिण्याची पथ्यं टेबलावर विचारू नयेत, आदल्या दिवशी एकेकाला फोन करून विचारावीत. दहा जणांसमोर ‘मला किडनीचा त्रास आहे, मीठ कमी’ असं सांगायला माणूस कचरतो. जैन मित्र असेल तर हे समजून घ्या की वरची तिन्ही पातेली त्याच्यासाठी बाद होतात, कारण कांदा-लसूण पायातच आहे. त्याची भाजी टोमॅटो-काजूवर वेगळी करावी लागते. ती स्टार्टरच्याच चिठ्ठीत ‘जैन’ असं लिहून द्यावी, नाही तर सगळ्यांचं जेवण संपताना ती येते. टिक्काही त्याला चालणार नाही, कारण मसाल्यात आलं-लसूण आधीच मुरलेलं असतं. कट्टर शाकाहारी कुणी असेल तर त्याला स्पष्ट सांगावं, की मिश्र हॉटेलात तंदूर, कढई आणि बऱ्याचदा तळणीचं तेल एकच असतं. ते त्याला चालत नसेल तर सगळ्यांनी शुद्ध शाकाहारी ठिकाणी जावं. एका रात्री चिकन नसलं म्हणून काही बिघडत नाही.

काजूची ॲलर्जी हा प्रकार आपल्याकडे लोक हसण्यावारी नेतात. तसं करू नये. काजू पांढऱ्या ग्रेव्हीत असतो तसाच लाल ग्रेव्हीतही असतो, हराभरा कबाबावर चिकटवलेला असतो आणि मलाई टिक्क्याच्या मसाल्यातही वाटलेला असतो. अशा मित्राने कॅप्टनला सांगून डाळ तडका, जिरा आलू, साधी रोटी, साधा भात एवढ्यावर राहावं, आणि वाढताना त्याच्या भाजीचा चमचा दुसऱ्या बोलमध्ये जाऊ देऊ नये.

मधुमेहाचंही तसंच. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन निघायचं आणि ताट साडेनऊला यायचं, हे धोक्याचं आहे, साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी जेवणाच्या ज्या वेळेशी ते जोडलेलं असेल ती वेळ पाळावी, आणि त्या मित्रासाठी आठ-सव्वाआठला डाळ-रोटी मागवून द्यावी. सगळ्यांनी एकदम जेवलं पाहिजे हा हट्ट सोडावा. पिणारे आणि न पिणारे एकत्र असतील तेव्हाही हेच लागू पडतं. पिणाऱ्यांचे स्टार्टर दहापर्यंत चालतात, न पिणारे चकली-शेंगदाण्यावर पोट भरतात आणि घड्याळ बघत बसतात. पावणेनऊला त्यांचं जेवण सुरू करून द्यावं. गाडी कोण चालवणार तेही पहिल्या ग्लासाआधी ठरवावं.

हे सगळं नको असेल तर सरळ थाळीच्या ठिकाणी जावं. मला स्वतःला जुन्या मित्रांसाठी तोच मार्ग जास्त आवडतो. कोल्हापुरी खानावळीत मटण थाळी सांगितली, की प्रत्येकाचं सुकं, रस्सा, भाकरी, भात प्रत्येकापुढे येतं, वाटपाचा प्रश्नच उरत नाही. पांढरा रस्सा आधी प्यावा. मटणाच्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनमसाल्याच्या पाण्यात, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ घालून केलेला तो सौम्य असतो, तांबड्यानंतर घेतला तर त्याची चव कळत नाही. तो गरमच मागावा, गार झाल्यावर चरबी वर थिजते. मटण सकाळी शिजवलेलं असलं तरी चिंता नाही, ते मुरून चांगलंच होतं. भाकरी मात्र तव्यावरचीच हवी.

मालवणी ठिकाणी जायचं तर महिना बघावा. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुरमई-पापलेट बर्फातलं किंवा लांबून आलेलं असण्याची शक्यता जास्त, तेव्हा कोंबडी-वडे घ्यावेत. एरवी दहा जणांना अख्खं पापलेट वाटत बसू नये, सुरमईच्या तुकड्या माणशी एक सांगाव्यात. कार्डावर भाव नसून ‘साइजप्रमाणे’ असेल तर ट्रे मागवून मासा बघावा आणि भाव तिथेच ठरवावा. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं. तळलेले बोंबील आले की गप्पा थांबवून खावेत. त्या माशात पाणीच इतकं, की पाच मिनिटांत रव्याचं आवरण मऊ पडतं. सोलकढी भाताबरोबर, शेवटी. वाटी ठेवून दिली की नारळाचं दूध वर आणि आमसुलाचं पाणी खाली असं फुटतं, ढवळून प्यावी.

बिल आलं की ते ज्याने ऑर्डर दिली त्यानेच तपासावं, कारण काय आलं ते त्यालाच माहीत असतं. रोट्या मोजाव्यात, रद्द केलेला पदार्थ निघालाय का ते बघावं, पाण्याच्या बाटल्या मोजाव्यात. नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. खाण्याचं बिल ६,२०० झालं तर कर ३१० आणि एकूण ६,५१०, माणशी ६५१. बिलावर ‘कंपोझिशन’, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेचा उल्लेख असेल तर त्या हॉटेलला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे तिचं बिल वेगळं करून घेणं सोपं जातं आणि न पिणाऱ्यांवर भार पडत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगावं. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याऐवजी टीप रोख, ज्या पोराने पाच-पाच रोट्यांच्या फेऱ्या मारल्या त्याच्या हातात द्यावी. कॉन्ट्री टेबलावरून उठायच्या आधीच यूपीआयने एकाकडे जमा करावी. घरी गेल्यावर मागायला कुणालाच बरं वाटत नाही.

उरलेलं पार्सल करताना ग्रेव्ही आणि सुकं चिकन बांधून घ्यावं. भात आणि बिर्याणी तेव्हाच न्यावी, जेव्हा ती दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाणार असेल. शिजलेल्या भातात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात, जे पुन्हा तापवल्यावरही जात नाही. कापलेलं सॅलड आणि रायतं तिथेच सोडावं. गोड हॉटेलात मागवायचं तर दोघांत एक कुल्फी, गुलाबजाम नको, ते बहुतेक वेळा मायक्रोवेव्हमधून निघतात आणि बाहेर कोमट, आत चटका देणारे लागतात. तसं न करता बडीशेप तोंडात टाकून उठावं, दहा जणांनी चालत कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे जावं. साधं मसाला पान, थंडक कमी, गुलकंद जास्त. टेबल रिकामं करायची घाई तिथे कुणी करत नाही, आणि जो मित्र जेवताना फारसा बोलला नाही, तो बहुतेक वेळा तिथे उभ्या उभ्या बोलायला लागतो.